कागद फुटला, पण तो खरा होता का?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

एखादा सरकारी कागद वर्तमानपत्रात छापून आला की सत्तेवर असलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कागद बाहेर गेला कसा आणि दिला कोणी? गोव्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत सरकारे अनेकदा बदलली, काही तर आठवड्यांत पडली, पण हा प्रश्न बदललेला मी पाहिला नाही. कागदात जे लिहिले आहे ते खरे आहे का, हा खरे तर दुसरा प्रश्न असायला हवा, आणि तो विचारायची पाळी बहुधा येतच नाही. चौकशी नेमली जाते, जबाब होतात, एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याची बदली होते आणि मूळ मजकूर विसरला जातो. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षे काढून आता फोंडा तालुक्यात राहणारा आपला एक जुना वाचक म्हणून मला या विषयावर मनापासून काही लिहायचे आहे. पत्र लांबणार आहे. आपण जागा द्याल अशी आशा बाळगतो.

सरकारने काहीच गुप्त ठेवू नये, असे माझे म्हणणे नाही, हे आधी स्पष्ट करतो. निविदा उघडण्यापूर्वीचे दर, तपासातील साक्षीदारांची नावे, लष्कराच्या तयारीचे तपशील या गोष्टी चव्हाट्यावर आल्या तर नुकसान लोकांचेच होते. मंत्र्यांच्या शपथविधीची बातमी देताना आपण ‘पद आणि गोपनीयतेची शपथ’ असे एका दमात लिहितो, त्यामुळे त्या दोन स्वतंत्र शपथा आहेत हे सहसा लक्षात राहत नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत. पहिल्या शपथेत संविधान आणि कायद्यानुसार, निर्भयपणे आणि कोणाविषयीही ममत्व किंवा आकस न बाळगता सर्वांना न्याय्य वागणूक देण्याचे वचन आहे. दुसऱ्या शपथेत मंत्री म्हणून जे कळेल ते, कर्तव्यासाठी आवश्यक असेल तेवढे सोडून, कोणालाही न सांगण्याचे वचन आहे. या दुसऱ्या शपथेमुळे मंत्र्याला ‘हे मी सांगू शकत नाही’ असे म्हणण्याची मुभा मिळते. ‘असे काही घडलेच नाही’ असे म्हणण्याची मुभा त्या शपथेत कुठेही नाही. माझे सगळे म्हणणे या एका फरकावर उभे आहे.

हा फरक मला पुस्तकातून कळलेला नाही. नव्वदच्या दशकात मी पणजीत एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होतो. खाजन शेतजमिनीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात, भराव घालून बांधकाम करण्याच्या परवानगीची एक फाईल आमच्या विभागातून जात होती. जागेची पाहणी करून आलेल्या तांत्रिक अधिकाऱ्याने तीत दीड पानाचे टिपण लिहिले होते. भराव पडला तर मानशीकडे (बांधातल्या पाण्याच्या दाराकडे) जाणाऱ्या पाण्याचा निचरा अडेल, खारे पाणी वरच्या बाजूच्या शेतांत तुंबून राहील आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती शेते पिकायची थांबतील, म्हणून परवानगी देऊ नये, असा त्याचा स्वच्छ अभिप्राय होता. फाईल वर गेली आणि त्या टिपणाखाली आक्षेप ग्राह्य धरण्याजोगा नसल्याचा एका ओळीचा शेरा पडला. आठ-दहा दिवसांनी ते दीड पान, खालच्या शेऱ्यासकट, वर्तमानपत्रात छापून आले.

चौकशी त्याच आठवड्यात सुरू झाली. मला विचारलेले प्रश्न आजही जसेच्या तसे आठवतात. फाईल तुमच्या टेबलावर किती वेळ होती? कपाटाची चावी कोणाकडे असते? कार्यालयातले झेरॉक्स यंत्र बंद होते त्या दिवशी प्रती काढायला खालच्या दुकानात कोण गेले होते? टिपण लिहिणारा अधिकारी शेजारच्याच खोलीत बसत होता, पण शेते खरोखरच खारी होतील का, हे त्याला कोणीही विचारले नाही. मी माझ्या जबाबात एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली होती. शेरा पडल्यानंतर ती फाईल आमच्या विभागाकडे परत आलेलीच नव्हती, आणि फाईलींच्या ये-जा नोंदवहीत तशी नोंद होती. म्हणजे शेऱ्यासकट प्रत काढणे आमच्यापैकी कोणालाही शक्य नव्हते. नोंदवही उघडून ते पान मी दाखवलेही. जबाब टंकलिखित होऊन सहीसाठी आला तेव्हा ते वाक्य त्यात नव्हते. मी विचारले, तर मुद्द्याशी संबंधित तेवढेच घेतले आहे असे उत्तर मिळाले. आणि मी सही केली.

झेरॉक्स काढायला जाणाऱ्या शिपायाची काणकोणला बदली झाली. जायच्या दिवशी त्याने कपाटाच्या चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि चाव्या पोचल्याची लेखी पावती मागितली. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे कशाचीही पावती मागितली नव्हती. मी खोटे काही सांगितले नव्हते, हे खरे आहे. पण ज्या कागदातून खरे गाळले होते त्याखाली माझे नाव गेले, आणि ती सही मला अजूनही बोचते.

म्हणूनच वॉशिंग्टनमधले व्हॅलरी प्लेम प्रकरण त्या काळात मी वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे लक्ष देऊन वाचत आलो. इराक युद्धाच्या तोंडावर, जानेवारी २००३ मध्ये, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकी संसदेसमोरच्या भाषणात सद्दाम हुसेन आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याच्या प्रयत्नात होता असे ब्रिटनच्या हवाल्याने सांगितले. इंग्रजीत अवघे सोळा शब्द होते ते. या दाव्याची शहानिशा करण्यासाठी सीआयएने आधीच्या वर्षी जोसेफ विल्सन या माजी राजदूताला नायजरला पाठवले होते आणि असा व्यवहार झाल्याचे त्यांना आढळले नव्हते. ६ जुलै २००३ रोजी विल्सन यांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून हे उघडपणे सांगितले. त्यानंतर बरोबर आठ दिवसांनी, १४ जुलैला, रॉबर्ट नोव्हाक या स्तंभलेखकाने दोन वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने लिहिले, की विल्सन यांची पत्नी व्हॅलरी प्लेम सीआयएत काम करते. तिचे काम गुप्त स्वरूपाचे होते. ते एका दिवसात संपले.

इथे गुपित फुटले ते सरकारच्याच आतून फुटले, आणि सरकारवर टीका करणाऱ्याच्या घरापर्यंत जाऊन फुटले. आपल्याकडे ‘फितुरी’ हा शब्द फक्त कारकुनाला आणि शिपायाला लावायची सवय आहे. वरच्या मजल्यावरून मुद्दाम सोडलेल्या माहितीला आपण ‘सूत्रांकडून समजते’ असे म्हणतो आणि पुढे जातो. वॉशिंग्टनमध्येही सुरुवातीला तेच होण्याची लक्षणे होती. कार्ल रोव्ह आणि लुईस लिबी या दोन बड्या सहाय्यकांचा या प्रकरणाशी संबंध नाही, असे व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याने पत्रकारांना ठामपणे सांगून टाकले होते. पण नंतर एक महत्त्वाची गोष्ट घडली. ज्यांची चौकशी करायची ते सरकारमधलेच, म्हणून ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांनी स्वतःला या कामातून दूर केले आणि ३० डिसेंबर २००३ रोजी पॅट्रिक फिट्झगेराल्ड या विशेष अभियोक्त्याकडे तपास सोपवला गेला.

या तपासाचा शेवट मला फार बोलका वाटतो. नोव्हाक यांना सर्वांत आधी माहिती देणारे परराष्ट्र खात्याचे उपमंत्री रिचर्ड आर्मिटेज होते, हे त्यांनीच २००६ मध्ये कबूल केले. त्यांच्यावर खटला झाला नाही. गुपित फोडल्याबद्दल कोणावरच झाला नाही. खटला झाला तो उपाध्यक्ष डिक चेनी यांचे प्रमुख सहाय्यक असलेल्या लिबी यांच्यावर, आणि तो तपासयंत्रणेशी आणि शपथेवर खोटे बोलल्याबद्दल. प्लेम यांच्याविषयी आपण एका दूरचित्रवाणी पत्रकाराकडून ऐकले, असे त्यांनी सांगितले होते. त्या पत्रकाराने न्यायालयात येऊन ते नाकारले, आणि लिबी यांच्याच हस्ताक्षरातल्या टिपणांवरून दिसले की महिनाभर आधीच खुद्द उपाध्यक्षांनी त्यांना हे सांगितले होते. ६ मार्च २००७ रोजी पाचपैकी चार आरोपांवर ते दोषी ठरले. तीस महिन्यांचा कारावास आणि अडीच लाख डॉलर दंड अशी शिक्षा झाली. बुश यांनी कारावास माफ केला, दंड ठेवला, आणि २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. म्हणजे तिथेही सत्तेने आपल्या माणसाला शेवटी वाचवलेच. दुसरीकडे, आपल्याला माहिती देणाऱ्याचे नाव सांगायला नकार देणाऱ्या ज्युडिथ मिलर या पत्रकार महिलेला ८५ दिवस तुरुंगात काढावे लागले, याचेही मला वाईट वाटते. त्या देशाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण उपाध्यक्षांच्या उजव्या हाताला अकरा सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने ‘तुम्ही खोटे बोललात’ असे सांगितले आणि ते न्यायालयाच्या दप्तरात कायमचे नोंदले गेले, एवढे तरी तिथे घडले.

आपल्याकडे हे का घडत नाही, याची कारणे बरीच आहेत, पण एक साधे कारण कायद्यातच आहे. तपासात पोलिस जो जबाब नोंदवतात तो शपथेवर नसतो, आणि त्यावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये असे कायदाच सांगतो. पोलिसांनी मनाला येईल ते लिहून सही घेऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा, की बडा माणूस तपासात काही सांगून नंतर ते नाकारू शकतो. खात्यांतर्गत चौकशीत सही असते, पण तिथे कोणता प्रश्न विचारायचा आणि उत्तरातले काय लिहून घ्यायचे हे चौकशी करणाऱ्याच्या हाती असते आणि तो बहुतेक वेळा त्याच खात्याच्या मंत्र्याच्या हाताखाली असतो. माझ्या जबाबातले वाक्य जिथे हरवले ती जागा हीच.

आता दिल्लीतले एक प्रकरण, ज्याचा धागा थेट आपल्या गोव्यापर्यंत येतो. राफेल विमानांची खरेदी योग्य की अयोग्य हा या पत्राचा विषय नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी चौकशीच्या मागणीच्या याचिका आणि १४ नोव्हेंबर २०१९ रोजी पुनर्विचार याचिका फेटाळल्या आहेत. मला बोलायचे आहे ते या दोन तारखांच्या मधल्या काळात गुप्तता आणि खरेपणा यांचे काय झाले त्याविषयी.

पहिल्या सुनावणीत सरकारने किमतीविषयीचे टिपण न्यायालयाला बंद लिफाफ्यात दिले. निकालपत्रात एक वाक्य आले, की किमतीचा तपशील महालेखापालांना (‘कॅग’ला) दिलेला आहे, त्यांचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीने तपासला आहे आणि त्याचा काही भाग संसदेपुढे आलेला आहे. प्रत्यक्षात असा अहवाल तोवर कुठेच आलेला नव्हता. लोकलेखा समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांनीच ते जाहीरपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी सरकारने दुरुस्तीसाठी अर्ज केला आणि खुलासा दिला, की आपल्या टिपणात फक्त नेहमीची पद्धत काय असते ते सांगितले होते, न्यायालयाने तसे घडून गेले असा अर्थ घेतला. महालेखापालांचा अहवाल संसदेत आला तो १३ फेब्रुवारी २०१९ रोजी. कोणी मुद्दाम दिशाभूल केली असे म्हणण्याचे मला कारण नाही. पण ते टिपण दुसऱ्या बाजूच्या वकिलांनाही वाचायला मिळाले असते, तर अहवाल अजून आलेलाच नाही हे त्यांनी तिथल्या तिथे उभे राहून सांगितले असते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एक चुकीची गोष्ट गेली, कारण ती तपासू शकणाऱ्या माणसांपासून कागद लपवला होता. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी ‘मीडियावन’ वाहिनीच्या खटल्यात याच न्यायालयाने बंद लिफाफ्याच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले, ते वाचून मला समाधान वाटले.

मग ८ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘द हिंदू’ने संरक्षण मंत्रालयाचे नोव्हेंबर २०१५ मधले एक टिपण छापले. फ्रान्सबरोबर मंत्रालयाची बोलणी चालू असताना पंतप्रधान कार्यालय समांतर बोलणी करीत आहे आणि त्यामुळे आपली बाजू कमकुवत होते, असा आक्षेप त्यात होता, आणि संरक्षण सचिवांनीही त्याला दुजोरा देणारा शेरा लिहिला होता. तेव्हा संरक्षणमंत्री होते आपले मनोहर पर्रीकर. त्या टिपणावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला अभिप्राय होता: त्यातला पाचवा परिच्छेद अतिरेकी प्रतिक्रियेसारखा वाटतो, सचिवांनी पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांशी बोलून हा विषय सोडवावा, अशा आशयाचा. पहिल्यांदा जो भाग छापला गेला त्यात पर्रीकरांचा हा अभिप्राय नव्हता. तो असलेले संपूर्ण पान त्याच दिवशी दुसरीकडून प्रसिद्ध झाले, आणि मग अर्धे पान का छापले यावर वाद पेटला. हा वाद मला गैरलागू वाटत नाही. मंत्र्याचा शेरा वगळून टिपण वाचले तर एक अर्थ निघतो, शेऱ्यासह वाचले तर दुसराही निघू शकतो, आणि वाचकाला दोन्ही मिळायला हवेत. खरेपणाची अट सरकारला आहे तशी कागद मिळवून छापणाऱ्यालाही आहे. ज्या खात्यात मी नोकरी केली तिथे शेऱ्याविना टिपण म्हणजे अर्धवट कागद, असे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवले होते.

त्यानंतर जे घडले ते मात्र माझ्या सारख्या माणसाला धक्का देणारे होते. ६ मार्च २०१९ रोजी ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की ही कागदपत्रे संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेली आहेत, आणि १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाचा उल्लेख करून कारवाईचा इशारा दिला. दोनच दिवसांनी त्यांनी खुलासा केला, की मूळ कागद चोरीला गेलेले नाहीत, याचिकाकर्त्यांनी मूळ कागदांच्या छायाप्रती वापरल्या आहेत असे आपल्याला म्हणायचे होते. मंत्रालयाच्या प्रतिज्ञापत्रात अंतर्गत चौकशी २८ फेब्रुवारीला सुरू झाल्याचे नमूद होते, म्हणजे टिपण छापून आल्यावर तब्बल वीस दिवसांनी. संरक्षण खात्यातून कागद गेले असतील तर ती क्षुल्लक बाब नव्हे, आणि ते गेलेच नसतील तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ‘चोरी’ हा शब्द उच्चारायला नको होता. या दोन्हींपैकी काय घडले, हे देशाला एका वाक्यात सांगणे अवघड नव्हते. या सगळ्या गदारोळातून एक गोष्ट मात्र निर्विवाद पुढे आली: कागद बनावट आहेत असे सरकार कधीच म्हणाले नाही. चोरलेले म्हणणे म्हणजेच अस्सल म्हणणे.

१० एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींनी एकमताने सरकारचा आक्षेप फेटाळला आणि ते कागद विचारात घेता येतील असे सांगितले. १९७५ च्या राज नारायण खटल्यात याच न्यायालयाने म्हटले होते, की लोकांच्या नावाने त्यांचे सेवक जे काही करतात ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. तो आधार इथे पुन्हा पुढे आला. सुनावणी संपली १४ मार्चला, आदेश आला १० एप्रिलला, आणि मधल्या १७ मार्चला पर्रीकर आपल्याला सोडून गेले. ज्या शेऱ्यावरून देशभर वाद चालला, तो लिहिणारा माणूस त्याचा अर्थ सांगायला उरला नाही. त्याआधी २ जानेवारीला, गोव्याच्या एका मंत्र्याच्या आवाजातली म्हणून एक ध्वनिफीत काँग्रेसने दिल्लीत जाहीर केली होती आणि राफेलच्या फायली पर्रीकरांच्या घरी असल्याचा उल्लेख तीत होता. त्या मंत्र्यांनी फीत बनावट असल्याचे सांगून चौकशीची मागणी केली, आणि मंत्रिमंडळात अशी चर्चा झालीच नाही असे तेव्हा गोव्याचे मुख्यमंत्री असलेल्या खुद्द पर्रीकरांनी म्हटले. आजारी माणसाच्या नावाभोवती घातलेला तो गोंधळ गोव्यातल्या अनेकांना, कोणत्याही पक्षाचे असोत, मनापासून आवडला नाही. अशी फीत खरी की जोडून केलेली, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासता येते. असा दावा पुढे आला की तपासणी तातडीने व्हावी आणि निष्कर्ष, कोणाच्याही बाजूचा असो, जसाच्या तसा लोकांपुढे यावा, म्हणजे मृत माणसाच्या माथी काहीही मारायला जागा उरत नाही.

गोव्याला या विषयात एक वेगळा वारसा आहे, म्हणूनही मी हे आग्रहाने लिहीत आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत इथले प्रत्येक वर्तमानपत्र छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या टेबलावरून जात असे. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा मंजूर करून घ्यावी लागे, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितले आहे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले ते बोलण्याचा आणि सभा घेण्याचा हक्क मागण्यासाठीच. आणि मुक्तीनंतर याच गोव्याने, केंद्राच्या माहिती अधिकार कायद्याच्या आठ वर्षे आधी, १९९७ साली स्वतःचा माहिती हक्क कायदा केला; असा कायदा करणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यांत आपण होतो. त्या राज्यात आज माहितीचा अर्ज केला की ‘चौकशी चालू आहे’ या तीन शब्दांत तो परत येतो. मी स्वतः निवृत्तीनंतर एका कार्यालयाकडे अर्ज केला होता आणि मलाही हेच तीन शब्द मिळाले. २००५ च्या कायद्याच्या आठव्या कलमात तपासाला अडथळा येईल अशी माहिती रोखता येते हे खरे; पण नुसती चौकशी चालू असणे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच भगतसिंग खटल्यात सांगितले आहे. माझ्या अर्जाच्या उत्तरात ते दाखवलेले नव्हते.

तेव्हा पर्वरीच्या विधानसभेत बसणाऱ्या आपल्या सर्व आमदारांना, सत्तेतल्या आणि विरोधातल्याही, माझी आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे. सरकारी कागद फुटल्याची चौकशी जाहीर करताना, तो कागद अस्सल आहे की नाही हे सरकारने त्याच दिवशी लेखी सांगावे. गुप्ततेच्या कारणास्तव मजकुरावर बोलता येत नसेल तर तसे म्हणावे, पण अस्सलपणा नाकारू नये. ज्या मंत्र्याच्या खात्याचा कागद आहे त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे चौकशी देऊ नये, आणि जबाब देणाऱ्याला त्याच्या संपूर्ण जबाबाची प्रत सही करतानाच मिळावी. या शेवटच्या मागणीवर कुणाला आक्षेप असू शकेल असे मला वाटत नाही, आणि तीच माझ्या मते सर्वांत मोठा फरक घडवेल. चौकशी आयोग कायद्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल सरकारला सादर झाल्यापासून सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. खात्यांतर्गत चौकशीच्या अहवालाला अशी मुदतच नाही, म्हणून ती संपत नाही. तिलाही मुदत घालावी. आणि गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, राष्ट्रपतींची सही झाली आणि तरीही जो दहा वर्षे उलटून गेली तरी अंमलात आणला गेला नाही, त्याविषयी आपल्या खासदारांनी दिल्लीत विचारावे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने तर २००६ मध्येच शासकीय गुपिते अधिनियम रद्द करण्याची शिफारस केली होती. तो कायदा आजही उभा आहे आणि कागद दाखवणाऱ्याला वाचवणारा कायदा आडवा पडून आहे.

आपल्यासह सर्व संपादकांनाही एक विनंती करतो. फुटलेला कागद छापाल तेव्हा संपूर्ण पान छापा, शेऱ्यासह, तारखेसह. आणि दुसऱ्या दिवशी मंत्री ‘कोणी दिला?’ असे विचारतील तेव्हा आपल्या प्रतिनिधीने ‘खरा आहे का?’ एवढे विचारून उत्तर जसेच्या तसे द्यावे, उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे.

माझ्या त्या फाईलीतल्या टिपणाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. गेल्या पावसाळ्यानंतर मी मुद्दाम त्या जागी जाऊन आलो. भरावावर इमारत उभी आहे आणि तिच्या मागून मानशीकडे जाणारी चर अर्धी बुजलेली आहे. वरच्या अंगाला जिथे भात लावत असत तिथे आता माणूसभर उंचीची खारफुटी वाढली आहे. बांधावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले, की लावणी कधीपासून बंद झाली. भराव पडल्यापासून तिसऱ्या वर्षी, असे तो म्हणाला. टिपणात दोन-तीन पावसाळे असे लिहिले होते.

आपला नम्र,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी,
फोंडा, गोवा